विषय दुसऱ्याचा, नजर आपली

नवा कॅमेरा घरात आला की पहिले आठ दिवस मोठ्या उत्साहात जातात. घरातले मांजर, गॅलरीतली तुळस, शेजारचे बाळ, मावळता सूर्य आणि आरशातले आपण स्वतः, एवढ्यांची चित्रे काढून होतात. नवव्या दिवशी मात्र हौशी छायाचित्रकारापुढे प्रश्न उभा राहतो, की आता काढायचे तरी काय? यंत्र तयार आहे, उजेड भरपूर आहे, सगळे जग समोर पसरले आहे. आणि जग एवढे मोठे असल्यामुळेच त्यातले काय टिपावे हे सुचत नाही. निबंधाच्या तासाला गुरुजींनी 'वाटेल त्या विषयावर लिहा' म्हटले की वर्ग पेन्सिली चावत बसतो, आणि 'पावसातली शाळा' असे फळ्यावर लिहिले की सगळ्यांचे हात चालू लागतात. तशातलाच हा प्रकार.

या दुखण्यावर छायाचित्रकारांच्या जगात एक औषध आहे. दर आठवड्याला कोणीतरी 'सावली', 'पाणी', 'वाट पाहणे' असा एखादा विषय द्यायचा आणि सात दिवसांच्या आत त्या विषयावर नव्याने काढलेले एकच चित्र आणून दाखवायचे. जुन्या चित्रांतले शोधून दिलेले चालायचे नाही, मुदत वाढवून मिळायची नाही. वर्षाचे आठवडे बावन्न. तेव्हा वर्षाअखेर चित्रेही बावन्न.

आपल्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. राजसभेत कवीपुढे श्लोकाचा एक चरण टाकून उरलेले तीन पुरे करायला सांगत, ती समस्यापूर्ती याच जातीची. आणि राजसभेपर्यंत तरी कशाला जा? नव्या सुनेने पंक्तीत घेतलेला उखाणा आठवा. नाव ठरलेले, यमक ठरलेले, वेळ तर अगदीच थोडा. आणि तेवढ्यात जी मुलगी आपले म्हणून काही बोलून जाते, तिचे कौतुक घर वर्षानुवर्षे करते.

परंतु यावर एक शंका घेण्यासारखी आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. दुसऱ्याने नेमून दिलेल्या विषयावर काम करता करता माणसाची स्वतःची नजर घडते, की मरते? छायाचित्रणाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सापडतात, आणि त्यांतले पहिले तर आपल्या मुंबईतच सापडते.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिस व लंडन येथे जगजाहीर झाली आणि पंधरा वर्षांच्या आत मुंबईत रुजली. १८५४ साली येथे 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. तिच्या सभासदांत साहेबलोक होते तसे आपलेही लोक होते, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकी एक नामांकित हौशी छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवून नाव मिळवले.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे काय खटाटोप होता, याची आज कल्पना यायची नाही. १८५१ साली निघालेल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर चिकट द्रावण ओतायचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ती वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. सगळा कारभार काही मिनिटांत उरकावा लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात तर हे द्रावण बघता बघता सुके. बाहेरगावी जायचे तर अंधारी खोलीसुद्धा तंबूच्या रूपाने सोबत न्यावी लागे. अशा माणसाला 'आता काय काढू' हा प्रश्न पडतच नसे. एकेक काच एवढ्या कष्टाची, की ती कशासाठी वापरायची हे आधीच ठरवून घराबाहेर पडावे लागे.

या मंडळींनी १८५६ साली एक नियमित उपक्रम सुरू केला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 'द इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक आल्बम' या नावाचा मासिक संग्रह काढला. प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे आणि त्यांची माहिती. छायाचित्र शाईने छापण्याची सोय तेव्हा नसल्यामुळे खरीखुरी छायाचित्रेच पानांवर चिकटवलेली असत. १८५८ पर्यंत असे २४ अंक निघाले. त्यात एक विषय सतत चालू असे. तो म्हणजे पश्चिम हिंदुस्थानातले पोशाख आणि माणसे. दर महिन्याला या सदरासाठी कोणत्या तरी जातीच्या वा धंद्याच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभे करायचे आणि खाली त्यांचे नाव लिहायचे. माणसाचे नव्हे, जातीचे.

हा संग्रह आज आपल्याला मोलाचा वाटतो, कारण त्या काळची पागोटी, लुगडी, दागिने, अवजारे त्यात पाहायला मिळतात. पण चित्रे पाहता पाहता मन थोडे खट्टू होते. समोर उभा असलेला मनुष्य कोण, त्याला मुलेबाळे किती, तो कोणत्या आळीत राहत होता, याचा पत्ता नाही. तो केवळ एका मथळ्याचा नमुना होऊन उभा आहे. जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील जातीजमातींवर दोन खंडांचे पुस्तक काढले. त्यात तर एका ठिकाणी घेतलेली माणसे दुसऱ्याच ठिकाणच्या देखाव्यावर बसवून चित्रे सिद्ध केली होती! विषय आधी, माणूस मागाहून. राज्यकर्त्यांना प्रजेची वर्गवारी हवी होती आणि कॅमेऱ्याने ती पुरवली. नेमून दिलेला विषय नजर कशी खाऊन टाकतो, याचे हे घरचेच उदाहरण.

आता दुसरे उत्तर. त्यासाठी आपल्याला बर्लिनला जावे लागेल. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हा अमेरिकेत १८६४ साली जन्मलेला, जर्मन वंशाच्या सधन घरातला मुलगा तेथे यंत्रशास्त्र शिकायला राहिला होता. १८८३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने दुकानाच्या काचेत एक कॅमेरा पाहिला आणि विकत घेतला. झाले! यंत्रशास्त्र मागे पडले आणि स्वारी प्राध्यापक हेर्मान विल्हेल्म फोगेल यांच्या प्रकाशरसायनाच्या वर्गात जाऊन बसू लागली.

फोगेल गुरुजींनी विद्यार्थ्यांना एक साधाच दिसणारा पाठ घालून दिला होता. प्लॅस्टरचा पांढराशुभ्र पुतळा, त्यावर काळ्या मखमलीचे वस्त्र. याचे चित्र काढा. ज्याने कधी हे करून पाहिले असेल त्याला यातली मेख कळेल. पुतळा नीट उठवावा तर मखमल नुसता काळा डाग होते. मखमलीच्या चुण्या दाखवाव्या तर पुतळा चुन्याचा गोळा होतो. इतर विद्यार्थी बरे जमले की पुढच्या पाठाकडे वळत. स्टिग्लिट्झ मात्र आठवडेच्या आठवडे त्या एकाच पुतळ्यापुढे ठाण मांडून बसला. दिवसाउजेडीच चित्र निघते असे म्हणणाऱ्यांशी पैज मारून त्याने तळघरातल्या एका यंत्राचे चित्र केवळ एका दिव्याच्या उजेडात, चोवीस तास काच उघडी ठेवून काढल्याची आठवणही तो सांगत असे. उजेड म्हणजे काय हे या माणसाला कोणी व्याख्यान देऊन शिकवले नाही. एका पांढऱ्या पुतळ्याने आणि एका अंधाऱ्या तळघराने शिकवले.

याच सुमारास छायाचित्रणाच्या धंद्यात मोठी क्रांती झाली होती. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कोरड्या काचेची युक्ती सुचवली आणि त्या दशकाच्या अखेरीस तयार काचा बाजारात मिळू लागल्या. ओल्या काचेची धावपळ संपली, तंबू गेला, आणि वकील, डॉक्टर, कारकून, गृहिणी असे हजारो हौशी लोक कॅमेरा घेऊन बाहेर पडले. या नवशिक्यांसाठी लंडनमध्ये १८८४ साली 'द अमॅचर फोटोग्राफर' हे साप्ताहिक निघाले. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेले हे पत्र. त्याने वाचकांसाठी विषय देऊन बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. 'आता काय काढू' हा प्रश्न समाजात पसरला, तसे त्याचे उत्तर देणारेही निघाले म्हणायचे.

१८८७ सालच्या अशाच एका स्पर्धेचा विषय होता 'सुट्टीतले काम'. त्या उन्हाळ्यात स्टिग्लिट्झ इटलीत भटकत होता. कोमो सरोवराकाठच्या बेलाज्जो गावी काही मुले आणि बाया कशावरून तरी खळखळून हसत होत्या, ते त्याने टिपले आणि लंडनला धाडून दिले. परीक्षक होते पीटर हेन्री इमर्सन. हे गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर, स्वभावाने तापट, आणि मताने पक्के. छायाचित्रकाराने रंगीत पडदे लावून खोटे देखावे रचू नयेत, निसर्ग आणि माणसे आहेत तशी दाखवावीत, हा त्यांचा आग्रह. इंग्लंडातल्या नॉरफोकच्या पाणथळ भागातले शेतकरी आणि कोळी यांची त्यांनी काढलेली चित्रे अजूनही नावाजली जातात. त्यांनी पहिले बक्षीस या तेवीस वर्षांच्या अनोळखी विद्यार्थ्याला दिले आणि वर त्याला पत्र लिहून कळवले, की आलेल्या कामात सहजपणाचे असे तुमचेच होते. बक्षीस होते दोन गिनी आणि एक रौप्यपदक. स्टिग्लिट्झला मिळालेली ही पहिली दाद.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विषय सगळ्यांना एकच होता. 'सुट्टी' म्हटल्यावर बहुतेकांना डोंगर, समुद्र, पडके किल्ले सुचणार हे उघड आहे. ज्याने चार वर्षे पुतळ्यापुढे आणि तळघरात डोळे तयार केले होते, त्याला सुट्टी परक्या गावातल्या पोरांच्या हसण्यात दिसली. मुंबईच्या आल्बमात विषयाने माणसाला झाकले होते. इथे विषय केवळ दार उघडून बाजूला उभा राहिला.

परीक्षकांची पुढची हकीकतही सांगितली पाहिजे, नाहीतर गोष्ट एकांगी होईल. १८८९ साली इमर्सन यांनी आपल्या मताचा मोठा ग्रंथ लिहिला. दुसऱ्याच वर्षी हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी उजेड किती पडला म्हणजे काच किती काळी होते याचे गणित मांडून दाखवले. झाले, इमर्सन हबकले. चित्रातली छटा जर रसायनाच्या नियमानेच ठरत असेल तर कलावंताच्या हाती उरले काय? त्यांनी आपल्या मताच्या मृत्यूची, काळ्या चौकटीची पुस्तिका छापून छायाचित्रण ही कला नव्हे असे जाहीर केले. शिष्याला पदक देणारा गुरूच मैदान सोडून गेला!

शिष्याने मात्र सोडले नाही. १८९० साली तो न्यूयॉर्कला परतला. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी तेथे हिमवादळ चालू असताना तो हातातला छोटा कॅमेरा घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला. बर्फ तुडवीत येणारी घोडागाडी त्याला हवी तशी दिसेपर्यंत त्याने कळ दाबली नाही. बाजारात तेव्हा कोडॅकचा कॅमेरा येऊन पाच वर्षे झाली होती; शंभर चित्रांचे भेंडोळे आत भरलेले, कळ दाबत सुटावे आणि सगळे यंत्रच कारखान्याकडे धुवायला पाठवावे, अशी ती सोय. लोक शंभर चित्रे काढीत असताना हा एका चित्रासाठी तीन तास उभा होता. हा विषय त्याला कोणी दिला नव्हता. दुसऱ्याने विषय देण्याची गरज संपली होती. आता तो स्वतःच स्वतःला विषय देऊ लागला होता.

याची परिसीमा १९२२ साली झाली. तोवर स्टिग्लिट्झ अठ्ठावन्न वर्षांचा, जगप्रसिद्ध माणूस होता. एका लेखकाने असे लिहिले, की याच्या चित्रांचे बळ समोर बसलेल्या माणसांवर तो जी मोहिनी घालतो त्यात आहे. हे त्याच्या जिव्हारी लागले. त्या उन्हाळ्यात लेक जॉर्ज येथील घरी त्याची आई अखेरच्या दुखण्यात होती, मन उदास होते. त्याने ठरवले, की आता ज्यांच्यावर कोणाची मोहिनी चालत नाही, जे सगळ्यांचे आहेत आणि फुकटचे आहेत, त्या ढगांचीच चित्रे काढायची. चाळीस वर्षांत आपण काय शिकलो ते तरी कळेल! पुढे बरीच वर्षे तो उन्हाळ्याउन्हाळ्यांत मान वर करून उभा राहिला आणि ढगांची शेकडो चित्रे जमली. छायाचित्रांच्या इतिहासात ती फार मोलाची मानतात.

या ढगांमागे एक गुरुऋणही आहे. जुन्या काचा निळ्या रंगाला अतोनात हळव्या असत. त्यामुळे आकाश आणि ढग एकजात पांढरे उमटत. काचेवरच्या द्रावणात विशिष्ट रंग मिसळला की तिला इतर रंगांचीही जाणीव होते, हा शोध १८७३ साली लावला तो फोगेल गुरुजींनीच. शिवाय आपण ढगांकडे कसे वळलो याची हकीकत स्टिग्लिट्झने १९२३ साली लिहिली, ती छापून आली लंडनच्या त्याच साप्ताहिकात, ज्याने छत्तीस वर्षांपूर्वी त्याला 'सुट्टीतले काम' हा विषय दिला होता.

आता पुन्हा मुंबईला येऊ, कारण पहिले उत्तर इथले मिळाले तसे दुसरेही इथे मिळते. होमाई व्यारावाला यांचे नाव वाचकांच्या कानावरून गेले असेल. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या पारशी मुलीला छायाचित्रण शिकवले ते माणेकशा व्यारावाला यांनी. पुढे दोघांचे लग्न झाले. तिची छापली गेलेली पहिली चित्रे स्त्रियांच्या एका सहलीची. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने ती घेतली आणि दर चित्रास एक रुपया दिला. पुढे 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'साठी ती एकेका विषयावर चित्रमालिका करू लागली. सुरुवातीची चित्रे माणेकशांच्या नावावर छापली जात. बाई कॅमेरा घेऊन हिंडते यावर तेव्हा विश्वास कोण ठेवणार?

साप्ताहिकाची शिस्त मोठी कडक असते. अंक ठरल्या दिवशी निघणार म्हणजे निघणार; छायाचित्रकाराला स्फूर्ती आली की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. त्या शिस्तीत तयार झालेल्या होमाईबाईंना भारतातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार हा मान मिळाला. स्वातंत्र्याच्या काळातले दिल्लीतले अनेक ऐतिहासिक प्रसंग आज आपण त्यांच्या डोळ्यांनी पाहतो. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ साली त्या वारल्या. सहलीच्या चित्रांपासून तिथवरची वाट एकेका नेमून दिलेल्या विषयातून गेली होती.

या सगळ्यावरून मला एवढेच म्हणावेसे वाटते, की विषयाचे बंधन स्वतः चांगलेही नसते आणि वाईटही नसते. आल्बमवाल्यांनी विषयाचे उत्तर आधीच ठरवून ठेवले होते आणि मग त्यात बसतील अशी माणसे शोधली. स्टिग्लिट्झने आणि होमाईबाईंनी विषय घेतला तो शोधायला बाहेर पडण्यासाठी. उत्तर काय निघेल हे त्यांना ठाऊक नव्हते. नवशिक्याने लक्षात ठेवायचा भेद तो एवढाच.

आणि आज नवशिका कोण नाही? घरोघरी खिशाखिशांत कॅमेरा आला आहे. त्याला काच नाही, द्रावण नाही, भेंडोळेही नाही. हजार चित्रे काढली तरी खर्च शून्य. मुलाच्या बारशाची चारशे चित्रे असतात आणि ती पुन्हा कोणी पाहत नाही. अशा विपुलतेत आठवड्याला एकच चित्र ही अट उपासाप्रमाणे कामास येते. पोट ठिकाणावर येते आणि चव परत येते.

तेव्हा या दिवाळीत घरातल्या घरात हा खेळ मांडून पाहायला हरकत नाही. बावन्न चिठ्ठ्या करा, त्यांवर घरातल्या लहानथोरांनी एकेक विषय लिहावा आणि दर रविवारी एक चिठ्ठी उचलावी. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी प्रत्येकाने आपले एकच चित्र दाखवायचे. विषय साधे असावेत. उंबरठा. दुपार. आवाज. हात. परीक्षक नको, पदक नको. 'हे तू का काढलेस' एवढे एकमेकांना विचारले तरी पुष्कळ.

'हात' ही चिठ्ठी निघाली तर नातवाचे काय होईल पाहा. पहिले दोन दिवस तो स्वतःचा हात काढील. मग खेळाडूचा, मग मूर्तिकाराचा शोधील. शुक्रवारपर्यंत काही मनासारखे जमणार नाही, आणि शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला असता त्याला चकलीचा सोऱ्या दाबणारे आजीचे हात दिसतील. सुरकुतलेले, भाजल्याचा जुना डाग असलेले, बांगडी मनगटात सैल झालेले. ते हात तो जन्मापासून पाहत आला आहे. त्याच्या खिशात आजीची दोनशे चित्रे आहेत. सगळ्यांत ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे आणि हात पदराखाली आहेत. त्या चिठ्ठीवाचून ते हात कुठेच राहिले नसते.